रग्बीतला बंकर रिव्ह्यू: निकाल बहुतेक वेळा बरोबर, पण कारण कोण सांगणार?

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन स्टार. उरलेला दीड कुठे गेला ते खाली सगळं लिहिलंय, लांबलंय जरा, पण विषय माणसाच्या डोक्याचा आणि मानेचा आहे, दोन ओळीत उरकण्यासारखा नाही.

आधी ही सेवा आहे काय ते. रग्बीत टॅकल म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडणं. तो कोणी धोकादायक केला, म्हणजे खांदा थेट समोरच्याच्या तोंडावर, किंवा उचलून डोक्यावर आपटलं, किंवा हवेत उडी मारलेल्या माणसाला धडक दिली, तर पूर्वी मैदानावरचा रेफ्री आणि त्याचे दोन असिस्टंट मोठ्या स्क्रीनकडे बघत उभे राहायचे, आणि टीएमओ, म्हणजे व्हिडिओ बघणारा अधिकारी, त्यांच्याशी बोलत असायचा, एकच क्लिप सहा अँगलनी, स्लो मोशनमध्ये, आणि तोपर्यंत अख्खं स्टेडियम हुर्यो करतंय, खेळाडू थंड पडतायत, टीव्हीवर बघणारा चहा टाकायला उठलाय. 2023 पासून मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत यावर बंकर आणला. आता रेफ्रीला एवढंच ठरवायचंय की हे किमान पिवळ्या कार्डाचं आहे का. असेल तर तो पिवळं दाखवतो, दोन्ही हात छातीसमोर क्रॉस करतो, खेळाडू 10 मिनिटं सिन बिनमध्ये, म्हणजे मैदानाबाहेर, जाऊन बसतो आणि खेळ लगेच सुरू. तिकडे स्क्रीनसमोर बसलेला एक वेगळा अधिकारी, त्याला फाउल प्ले रिव्ह्यू ऑफिसर म्हणतात, तो शांतपणे सगळे अँगल बघतो आणि 8 मिनिटांच्या आत कळवतो की पिवळं पिवळंच राहणार की लाल होणार. बंकर हे नाव ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगमधून आलंय, तिथे 2016 पासून व्हिडिओ रेफ्रींची अशी खोली आहे.

वेळेच्या बाबतीत ही सेवा फर्स्ट क्लास. सामना वाहता राहतो, आणि मुख्य म्हणजे ऐंशी हजार लोकांच्या आरडाओरड्यात उभ्या असलेल्या दमलेल्या माणसाऐवजी शांत खोलीत बसलेला माणूस निर्णय घेतो. एखाद्याला अख्ख्या सामन्याला मुकायला लावणारा निर्णय असाच व्हायला पाहिजे. यासाठीचे मार्क मी एकही कापत नाही.

आता हा खोलीतला माणूस बघतो काय, हे समजल्याशिवाय सेवेला शिव्या घालण्यात अर्थ नाही, आणि कॉमेंट्रीवाल्यांपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत बहुतेक जण न समजताच घालतात. त्याच्याकडे चार प्रश्न असतात, क्रमाने. डोक्याला किंवा मानेला संपर्क झाला का. झाला असेल तर त्यात फाउल प्ले, म्हणजे नियमबाह्य खेळ, होतं का, की खेळाच्या ओघात झालेली निव्वळ टक्कर. फाउल प्ले असेल तर धोका किती मोठा. आणि शेवटी, शिक्षा कमी करावी असं काही घडलं होतं का. एवढंच. यात कुठेही 'मुद्दाम केलं का' हा पहिला प्रश्न नाहीये! आपल्याकडे लोक लगेच म्हणतात अरे त्याने मुद्दाम नाही केलं, चांगला पोरगा आहे, पहिल्यांदाच झालं. पण विचारलंय कुठे ते. तू टॅकलला जाताना ताठ उभा होतास का, वेगात होतास का, खांदा किंवा कोपर पुढे काढलंस का, हात गुंडाळायचा प्रयत्न केलास का, हे बघितलं जातं. म्हणजे शिक्षा धडकेच्या आधीच्या अर्ध्या सेकंदाची आहे, टॅकलरने स्वतःचं शरीर कसं नेलं त्याची आहे. समोरचा उठून हसत खेळायला लागला तरी लाल मिळू शकतं आणि समोरचा स्ट्रेचरवर गेला तरी कदाचित काहीच नाही. हे पटायला वेळ लागतो, पण एकदा पटलं की निम्मे वाद आपोआप गळून पडतात.

सूट कधी मिळते तेही सांगतो. बॉलवाला ऐनवेळी अचानक खूप खाली वाकला, किंवा त्याने दिशा बदलली, किंवा तिसराच कोणीतरी मध्ये आला आणि सगळं चित्र बदललं, तर लालचं पिवळं होऊ शकतं. पण टॅकल मुळातच बेकायदा प्रकारचा असेल, म्हणजे हात बांधून नुसता खांदा मारलाय, तर मग समोरचा कितीही वाकू दे, सूट नाही. नियमांच्या पुस्तकात नवव्या कलमात हे सगळं आहे, खांद्याच्या रेषेच्या वर टॅकल नको, आणि खाली सुरू होऊन वर सरकला तरी तोही नकोच.

2023 च्या वर्ल्ड कपमध्ये या सेवेचा पहिला मोठा बार उडाला तो मार्सेयमध्ये, 9 सप्टेंबरला. इंग्लंड आणि अर्जेंटिना, तिसरं मिनिट, टॉम करी आणि हुआन क्रूझ माय्या. माय्या उंच बॉल पकडून खाली येतोय, करी ताठ गेलाय, डोक्यावर डोकं. पिवळं, हात क्रॉस, आणि थोड्या वेळात लाल. चार प्रश्नांचं ते फ्रेमवर्क वाचलं तर हरकत घेण्यासारखं फार काही नाही त्यात, करी वाकलाच नव्हता. पण दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिका विरुद्ध स्कॉटलंड, पहिल्या काही क्षणांतच जेसी क्रिएल आणि जॅक डेम्प्सी यांची डोकी जवळपास तशीच आपटली आणि काहीही झालं नाही. पिवळं नाही, बंकर नाही, नंतर सायटिंगही नाही, म्हणजे सामन्यानंतरची तक्रारही नाही! मी ती क्लिप परत परत बघितली आणि आजही मला उत्तर सापडलेलं नाही की पहिलं लाल आणि दुसरं शून्य कसं.

इथे या सेवेचा सगळ्यात मोठा दोष दिसतो. बंकर स्वतःहून काही उचलत नाही, मैदानावरून त्याच्याकडे पाठवावं लागतं. रेफ्रीने आणि टीएमओने बघितलंच नाही किंवा बघून सोडून दिलं तर तो खोलीतला माणूस कितीही हुशार असो, गप्प बसणार. कार्ड कुठलं यात सातत्य आलंय पण बघायचं कुठलं यात नाही आलं, आणि प्रेक्षक चिडतो तो नेमका दुसऱ्यावर. अर्धा स्टार इथे गेला.

आता फायनल. 28 ऑक्टोबर 2023, पॅरिस. न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन, साधारण सत्ताविसाव्या मिनिटाला जेसी क्रिएलला टॅकल करायला गेला, क्रिएल आतल्या बाजूला वळला, केन उभाच, खांदा थेट डोक्याला. पिवळं, मग लाल, आणि पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमधलं ते पहिलं लाल कार्ड ठरलं. दुसऱ्या हाफमध्ये दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन सिया कोलिसी आर्डी सवेयाला टॅकल करायला गेला, तिथेही डोक्याला डोकं लागलं, पिवळं, बंकर, आणि ते पिवळंच राहिलं. सामना आफ्रिकेने 12-11 ने जिंकला. एका पॉइंटने! मग काय विचारता, न्यूझीलंडवाले आजही हे दोन टॅकल शेजारी शेजारी ठेवून भांडतात.

माझं मत विचाराल तर दोन्ही निर्णय बरोबर होते. केन कमरेतून जराही वाकलेला नाही, वेग आहे, खांदा पुढे आहे, आणि क्रिएल वळला म्हणावं तर तेवढं वळणं रग्बीत प्रत्येक बॉलवाला करतोच, त्यासाठीच तर आधीपासून खाली जायचं असतं. कोलिसी खाली जाण्याच्या प्रयत्नात होता आणि धडकेतला जोर मला तरी कमी दिसला. धोका कमी म्हणून कार्ड कमी, चार प्रश्नांच्या हिशोबात हे बसतं. पण हे मी सांगतोय, घरी बसून, क्लिप थांबवून थांबवून. सामना चालू असताना जगभरच्या कोट्यवधी लोकांना कळलं काय, तर 'लाल झालं' आणि 'पिवळं राहिलं' एवढंच. हेच कारण दोन वाक्यांत कोणी सांगितलं असतं की पहिल्यात टॅकलर उभा होता म्हणून धोका जास्त आणि दुसऱ्यात तो वाकत होता म्हणून कमी, तर अर्धं वादळ तिथेच शमलं असतं. त्या फायनलचे रेफ्री वेन बार्न्स, त्यांची ती शेवटची मॅच ठरली, त्यांना आणि टीएमओ टॉम फोलीला नंतर इतक्या घाणेरड्या शिव्या आणि धमक्या आल्या की फोलीने आंतरराष्ट्रीय सामन्यांतून बाजूला व्हायचं ठरवलं. धमक्या देणारे दोषी आहेतच, त्यात दुमत नाही. पण कारण लपवून ठेवणाऱ्या व्यवस्थेने त्या दोन माणसांना उघड्यावर सोडलं असं मला मनापासून वाटतं, आणि पुढचा अर्धा स्टार मी याचसाठी कापलाय.

बंकर यायच्या आधी निदान एक गोष्ट चांगली होती. रेफ्रीच्या माईकवरून आपण सगळा विचार ऐकायचो. डोक्याला लागलंय, थेट लागलंय, वेग जास्त, सूट दिसत नाही, म्हणून लाल. एखादा मास्तर फळ्यावर गणित सोडवून दाखवतो तसं. क्रिकेटमध्येही थर्ड अंपायर बोलतो तेव्हा अल्ट्राएज, बॉल ट्रॅकिंग सगळं आपल्याला ऐकू येतं. बंकरमध्ये नेमकं तेच गेलं, गणित बंद खोलीत सुटतं आणि बाहेर फक्त उत्तर येतं.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दलही बोलायला पाहिजे, म्हणजे सामना संपल्यावरची सुनावणी. इथे ऑगस्ट 2023 मधलं ओवेन फॅरेलचं प्रकरण सगळ्यांनी वाचावं असं आहे. फॅरेल इंग्लंडचा कॅप्टन, वेल्सविरुद्ध वॉर्म-अप सामना, ट्विकनहॅम, त्याचा खांदा वेल्सच्या टेन बाशमच्या डोक्याला. पिवळं, बंकरने लाल केलं. तीन दिवसांनी शिस्तपालन समितीने लाल रद्द केलं, म्हणाले फॅरेलचाच सहकारी जेमी जॉर्ज मध्ये आल्याने ऐनवेळी परिस्थिती बदलली. मग वर्ल्ड रग्बीने, म्हणजे खेळाच्या जागतिक संघटनेने, स्वतःच अपील केलं आणि अपील समितीने उलट फिरवून चार सामन्यांची बंदी घातली! एकच टॅकल, एकच व्हिडिओ, आणि दहा दिवसांत लाल, मग लाल नाही, मग परत लाल. माझ्या मते शेवटचा निकाल बरोबर होता, हात गुंडाळायचा प्रयत्नच दिसत नाही तिथे सूट कसली. पण सामान्य बघणाऱ्याचा विश्वास उडाला तो उडालाच.

आणि उलटंही होतं. मार्च 2023 मध्ये डब्लिनला इंग्लंडच्या फ्रेडी स्टुअर्डला आयर्लंडच्या ह्यूगो कीननबरोबरच्या धडकेसाठी मैदानावरच लाल दिलं, बंकर तेव्हा नव्हता, नंतर सुनावणीत म्हणाले पिवळंच पुरेसं होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये शिकागोला आयर्लंडच्या टाइग बर्नला न्यूझीलंडविरुद्ध अगदी सुरुवातीलाच कार्ड मिळून ते लाल झालं, नंतर सुनावणीत काढून टाकलं. त्याच महिन्यात तुरिनला इटलीविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या फ्रँको मोस्टर्टला बाराव्या मिनिटाला बंकरकडे न पाठवता मैदानावरच थेट लाल, तेही नंतर रद्द. खेळाडूचं नाव स्वच्छ झालं हे चांगलंच, पण संघ त्या सामन्यात एक माणूस कमी घेऊन खेळला ते कोण परत देणार. मोस्टर्टचं उदाहरण तर मला बंकरच्या बाजूचं वाटतं. शंका असेल तर हात क्रॉस करा ना, आठ मिनिटं आहेत, सेवा त्यासाठीच ठेवलीय.

एक गोष्ट मात्र इथे ठासून सांगायचीय कारण ती विसरली जाते. कडक शिक्षेने खेळ खरंच बदलतो. जून 2005, क्राइस्टचर्च, ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा, म्हणजे इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या एकत्र संघाचा न्यूझीलंड दौरा, पहिल्या टेस्टची पहिली काही मिनिटं. ताना उमागा आणि केवेन मेअलामू या दोघांनी लायन्सचा कॅप्टन ब्रायन ओ'ड्रिस्कॉलला उचललं आणि खाली टाकलं, डोकं वाचवायला त्याने हात पुढे केला, खांदा निखळला, दौरा संपला. कार्ड? नाही. बंदी? नाही. आज ते फुटेज बघताना अंगावर काटा येतो की हे कोणी खपवून कसं घेतलं. त्यानंतरच्या वर्षांत रेफ्रींना बजावून सांगितलं गेलं की उचलून टाकलं तर विचार लाल कार्डापासूनच सुरू करा. आणि मग 15 ऑक्टोबर 2011, ऑकलंड, वर्ल्ड कप सेमी फायनल, वेल्सचा तरुण कॅप्टन सॅम वॉरबर्टन, त्याने फ्रान्सच्या व्हिन्सेंट क्लेर्कला उचललं, आडवा केला आणि हात सोडले. रेफ्री अलाँ रोलाँ, सरळ लाल, सामन्याची वीस मिनिटंही झालेली नव्हती. वेल्स 9-8 ने हरलं. तेव्हा केवढा गदारोळ, सेमी फायनलची वाट लावली म्हणून! क्लेर्क तर उठून पुढे खेळला, वॉरबर्टनचा हेतूही वाईट नव्हता. पण रोलाँ बरोबर होते, आणि त्याचा परिणाम बघा, आज मोठ्या रग्बीत तो प्रकार किती क्वचित दिसतो. कोचच शिकवतात की उचललंस तर खाली ठेवायची जबाबदारी तुझी. मान मोडण्यापासून किती पोरं वाचली असतील याचा हिशोब कोणी मांडू शकत नाही, पण वाचली आहेत.

म्हणूनच 20 मिनिटांचं लाल कार्ड मला पटत नाही, आणि उरलेला अर्धा स्टार तिथे गेला. नव्या वाचकांसाठी, यात लाल मिळालेला खेळाडू परत येत नाही पण 20 मिनिटांनी संघ बेंचवरचा दुसरा माणूस उतरवू शकतो. दक्षिण गोलार्धात 2020 पासून हे चालू होतं, 2025 पासून सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेतही आलं, फ्रान्सचा विरोध होता तरी. फेब्रुवारी 2025 मध्ये कार्डिफला आयर्लंडच्या गॅरी रिंगरोझला वेल्सच्या बेन थॉमसला डोक्याने धडक दिल्याबद्दल लाल झालं, 20 मिनिटांनी त्याच्या जागी बंडी अकी आला, जो स्वतः लायन्सकडून खेळलेला तगडा सेंटर, आणि आयर्लंड 27-18 ने जिंकलं. म्हणजे शिक्षा संघाला कितपत झाली? पूर्ण लाल अजून आहे, पण ते मुद्दाम किंवा अतिशय घाणेरड्या प्रकारासाठी राखून ठेवलंय.

याच्या बाजूने एकच मुद्दा सारखा ऐकवला जातो की लाल कार्डाने सामना मरतो, तिकीट काढून आलेल्याचा रसभंग होतो. पण बघू या खरंच मरतो का. करी बाहेर गेल्यावर इंग्लंडने पंधराऐवजी 14 जणांत अर्जेंटिनाला 27-10 ने हरवलं, सगळे 27 पॉइंट एकट्या जॉर्ज फोर्डचे, त्या स्पर्धेतल्या सगळ्यात लक्षात राहणाऱ्या रात्रींपैकी एक. मार्च 2022 मध्ये इंग्लंडच्या चार्ली यूल्सला आयर्लंडविरुद्ध 82 सेकंदांत लाल मिळालं, सिक्स नेशन्सच्या इतिहासातलं सगळ्यात झटपट, तरी तासाभराच्या खेळानंतर स्कोअर 15-15 होता. नोव्हेंबर 2022 ची महिला वर्ल्ड कप फायनल, इडन पार्क, लिडिया थॉम्पसनला अठराव्या मिनिटाला लाल, इंग्लंड 14 जणींत खेळून न्यूझीलंडकडून 34-31 ने हरलं, आणि तो सामना ज्याने पाहिला तो विसरूच शकत नाही, हाफ टाइमला इंग्लंडच पुढे होतं. केनच्या फायनलमध्ये न्यूझीलंड एका पॉइंटने हुकलं. नोव्हेंबर 2025 मध्ये पॅरिसला दक्षिण आफ्रिकेच्या लूड डी यागरला पूर्ण लाल मिळाल्यावरही आफ्रिकेने फ्रान्सला 32-17 ने मारलं, आणि पुढच्या आठवड्यात मोस्टर्टशिवाय इटलीला 32-14. कुठे मेला सामना? उलट 14 जण झगडतात तेव्हा स्टेडियम उठून उभं राहतं. रसभंगाचं कारण पुढे करून डोक्याच्या धडकेची किंमत कमी केली असं माझं स्पष्ट म्हणणं आहे, आणि वॉरबर्टनच्या वेळी जे ठामपणे केलं त्याच्या बरोबर उलटं आहे हे.

त्यात आता लाल दोन प्रकारचं झाल्याने गोंधळ आणखी वाढलाय. डी यागरने खाली पडत असलेल्या थॉमस रामोसला हात न गुंडाळता खांदा मारला म्हणून पूर्ण लाल, ते मी मान्य करतो. पण घरी बघणाऱ्या माणसाला तेव्हा कळायला हवं ना की याला पूर्ण का आणि रिंगरोझला वीसच मिनिटांचं का. परत तेच, कारण सांगा.

डोक्याचं एवढं काय, असं विचारणाऱ्यांसाठी. वर्ल्ड रग्बीने 1516 व्यावसायिक सामन्यांचा अभ्यास करून घेतला होता, 2017 मध्ये छापून आला. डोक्याच्या तपासणीसाठी खेळाडूला बाहेर न्यावं लागलं अशा 611 घटना, त्यातल्या 464 टॅकलमध्ये झालेल्या. आणि त्या 464 पैकी 335 वेळा जखमी कोण, तर टॅकल करणारा! बॉलवाला फक्त 129 वेळा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुन्न झालो होतो. आपण समजतो कार्ड हे बॉलवाल्याला वाचवायला आहे, पण ताठ उभा राहून टॅकलला जाणारा पोरगा स्वतःचंच डोकं पुढे करतोय. लाल कार्ड त्यालाही वाचवतंय. इंग्लंडला 2003 चा वर्ल्ड कप जिंकून देणारा हुकर, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, स्टीव्ह थॉम्पसन, त्याला तरुण वयात डिमेन्शिया झालाय आणि त्याला ती फायनल जिंकल्याचं आठवत नाही, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलंय. यापुढे कुठल्या तिकीटवाल्याच्या रसभंगाचं मला काही सांगू नका.

आता टॉप लेव्हलला सेन्सर असलेले माउथगार्डही आलेत, धडकेचा जोर मर्यादेबाहेर गेला की डॉक्टरला सिग्नल जातो आणि खेळाडूला तपासणीला बाहेर काढतात. 2025 च्या महिला वर्ल्ड कपमध्ये तर माउथगार्डमधला लाल दिवाच लागायचा. हे फार चांगलं पाऊल आहे. पण लक्षात घ्या, माउथगार्ड धडक झाल्यावर सांगतो, कार्ड ही एकच गोष्ट अशी आहे जी पुढची धडक थांबवू शकते.

माझ्या भावाचा मुलगा रग्बी खेळतो, शाळेच्या वयाचा आहे. त्याच्या मैदानावर बंकर सोडा, धड एक कॅमेरा नसतो, एक रेफ्री, एक शिट्टी, पावसाळ्यातला चिखल. आपल्याकडे मुंबईला बॉम्बे जिमखान्यावर पावसाळी रग्बीची जुनी परंपरा आहे, 2025 च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगही झाली, सात जणांच्या रग्बीची, तेव्हापासून विचारणारी पोरं वाढली आहेत. त्यांच्यासाठी ही सेवा म्हणजे टीव्हीवरचा धडाच आहे, आणि म्हणूनच तिथे काय दाखवतात याची मला काळजी. पुतण्याच्या टीममधली जी पोरं आधी कबड्डी खेळलेली आहेत त्यांना पट काढायची, घोट्याची पकड करायची सवय आहे, ती आपोआप खाली जातात, मला बघायला इतकं बरं वाटतं. ज्यांनी फक्त मोबाइलवर रग्बीचे 'बिग हिट्स' बघितलेत ती ताठ जातात. कोच ओरडून सांगतो, पण मोबाइलवरच्या हिरोला 20 मिनिटांत बदली माणूस मिळतोय हे पोरं बघतातच ना.

2018 मधले तरुण खेळाडूंचे मृत्यू पाहिल्यावर फ्रान्सने 2019 मध्ये हौशी रग्बीत टॅकलची उंची कमरेवर आणली. इंग्लंडने 2023 च्या सीझनपासून हौशी खेळात छातीच्या हाडाच्या खाली आणली, तिथे घोषणा इतक्या गचाळ पद्धतीने केली की क्लबवाले भडकले आणि संघटनेला माफी मागावी लागली, पण नियम लागू झाला. माझं मत, ज्या मैदानावर कॅमेरा नाही तिथे हाच मार्ग. रेषा इतकी खाली ठेवा की चुकून वर सरकलं तरी डोकं लांबच राहील, रेफ्रीला चार प्रश्नांचं गणित करायची वेळच यायला नको. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांनीही कंबरेचीच रेषा धरावी असं मला वाटतं, मुलं लहान असतानाच अंगवळणी पडेल.

ज्यांना नव्याने रग्बी बघायचंय त्यांना एवढंच सुचवेन की टॅकल झाल्यावर रिप्ले लागला की जखमी माणसाकडे बघू नका, टॅकलरच्या कमरेकडे आणि हातांकडे बघा. कंबर वाकलीय का, हात उघडे आहेत का. दोन्ही 'नाही' असतील तर लालची तयारी ठेवा. तीन-चार सामन्यांत तुम्ही बंकरच्या आधी उत्तर द्यायला लागाल, खरंच सांगतो, आणि खेळ वेगळाच दिसायला लागतो.

सेवा चालवणाऱ्यांपर्यंत हे पोचणार नाही कदाचित, तरी लिहितो. खोलीतल्या त्या अधिकाऱ्याला माईक द्या. निर्णय कळवताना तीस सेकंद, चारही प्रश्नांची उत्तरं त्याच्याच आवाजात, त्याच्या समोरचा अँगल स्क्रीनवर. पाठवायचं राहून गेलं असेल तर खेळ थांबवून 'हे बघा' म्हणायचा अधिकारही त्याला द्या, म्हणजे क्रिएलसारखं परत होणार नाही. आणि डोक्याला थेट, ताठ उभं राहून, जोरात धडक असेल तर पूर्ण लाल परत आणा. हे तिन्ही झालं तर पाच स्टार द्यायला मी परत येईन.